परीक्षेची पडकई

अभ्यासाचं पुस्तक वजनावर घ्यायचं नसतं, हे गोरखला पटवता पटवता माझी अर्धी सकाळ अप्पा बळवंत चौकात गेली. त्याने दोन्ही हातांत एकेक पुस्तक घेतलं होतं आणि दुकानदारासमोरच तो ती खालीवर करून बघत होता. उजव्या हातातलं उशीइतकं जाड होतं, पण जुन्या आवृत्तीचं. डाव्या हातातलं त्याच्या निम्मं, पण नवं.

"उजे, ह्यात लई मजकूर हाये," उजवा हात वर करत तो म्हणाला.

"आहे ना. पण तो मागच्या परीक्षेचा. आता परीक्षा बदललीय."

"बदलून बदलून किती बदलली आसंल? लिनक्स त्ये लिनक्सच ना शेवटी?"

दुकानदार गालातल्या गालात हसला. मला काही हसू येत नव्हतं. मे महिन्याचं ऊन, पेठहून पुण्यापर्यंत एसटीत उभ्याने केलेला प्रवास, आणि वर हा. मी जाड पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं, मांडणीत परत ठेवलं आणि नवं पुस्तक बांधून द्यायला सांगितलं. "अजून काही?" असं दुकानदाराने विचारलं, तर ह्या गृहस्थाने "ह्याच्यावरचं गाइड मिळतं का?" असं विचारून माझी उरलीसुरली अब्रू घालवली.

गोरख माझा चुलतभाऊ. माझ्याहून काही महिन्यांनीच मोठा, म्हणून मी त्याला दादा वगैरे कधी म्हटलं नाही. डिंभे धरणाच्या मागे डोंगरात आमचं गाव आहे, भात आणि नाचणी पिकवणारं. तिथून संगणक शिकून खाली उतरलो ते आम्ही दोघंच. तो मंचरच्या एका क्लासमध्ये शिकवायचा आणि मी पेठ गावात पुणे-नाशिक हायवेला लागून असलेल्या एका दूध डेअरीत ऑपरेटर होते.

२००६ सालची ही गोष्ट. डेअरीत गावोगावचं दूध यायचं, त्याची फॅट, त्याचं बिल, सगळं सर्व्हरवर. हा सर्व्हर लिनक्सचा होता. मालकांना तो स्वस्तात पडला होता, पण बंद पडला की पुण्याहून माणूस बोलवावा लागे आणि तो येईपर्यंत गवळ्यांच्या शिव्या काउंटरवर मी खायच्या. त्या उन्हाळ्यात मॅनेजर भगवंतरावांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"उज्ज्वला मॅडम, मालकांनी ठरवलंय. आता कायमचा सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ठेवायचा, सर्टिफिकेटवाला. तुम्ही दिवाळीच्या आत परीक्षा पास झालात तर ती जागा तुमची. फी डेअरी भरंल, पण एकदाच."

"आणि नाही झाले तर?"

भगवंतराव भला माणूस. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला. "नाही तर मग पुण्याचा माणूस येणार. आणि तो आला की ऑपरेटरचं कामही तोच बघणार, असं मालक म्हणतात."

म्हणजे पास झाले तर बढती, नाही तर घरी. मला गावाचा तिटकारा होता असं नाही. पण पेठेत खोली घेऊन, स्वतःच्या कमाईवर राहायची परवानगी मिळवायला मी घरात वर्षभर तोंड वाजवलं होतं. नोकरी गेली असती तर आईने दुसऱ्याच दिवशी स्थळं बघायला सुरुवात केली असती, आणि पुन्हा तेवढं तोंड वाजवायची ताकद माझ्यात नव्हती. तेव्हा ही परीक्षा मला पास व्हायचीच होती, आणि पहिल्याच फटक्यात.

पुण्याहून परतताना एसटीत गोरखने पुस्तक मांडीवर घेतलं, चाळलं आणि मिटून टाकलं. पुस्तक सगळं इंग्रजीत होतं आणि निम्मं असलं तरी चांगलं सहाशे पानांचं होतं. राजगुरुनगर मागे पडल्यावर तो म्हणाला, "एकटीच्यानं व्हायचं न्हाई गं ह्ये. पडकई करू."

आमच्याकडे उन्हाळ्यात पडकई असते. डोंगराच्या उतारावर भाताची नवी खाचरं पाडायची, नाहीतर जुन्यांचे ढासळलेले ताल, म्हणजे दगडी बांध, पुन्हा रचायचे. एका घराला हे काम झेपत नाही. म्हणून सगळी घरं मिळून आज एकाच्या रानात राबतात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही. तू माझ्याकडे आलास, मी तुझ्याकडे येणार, एवढाच व्यवहार. आम्ही दोघं आठवड्यापूर्वीच आमच्या खाचराची पडकई आटपून आलो होतो. माझ्या हातावरचे फोड अजून बसले नव्हते.

मला ते एकदम पटलं. गोरखलाही पुढेमागे ही परीक्षा द्यायची होती, आणि डेअरीत हिशेबाला असलेल्या अक्षदालाही. मग तिघांनी मिळून आधी माझी परीक्षा पार पाडायची, कारण नोकरी माझी अडलेली. मग गोरखची, मग अक्षदाची. पुस्तक एक, माणसं तीन. मी एसटीत बसल्या बसल्या अर्धी परीक्षा पास झाल्यासारखी निवांत झाले.

अक्षदा अवसरी खुर्दची. घरची बटाट्याची शेती, स्वभाव तोंडाळ आणि मन मोठं. दुसऱ्या दिवशी मी तिला पुस्तक दाखवलं तर तिने ते बोटाने बाजूला सारलं.

"हे कशाला वाचत बसती? माझ्या मावसभावानं पुण्यावरनं सीडी आणलीय. परीक्षेतले सगळे प्रश्न, उत्तरांसकट. शब्दाला शब्द तेच येतात म्हणे. नुसतं पाठ करायचं, राव!"

त्या सीडीचा मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. आम्ही ती लावून बघितली. शेकडो प्रश्न, प्रत्येकाखाली ए, बी, सी, डी, आणि बरोबर उत्तरावर लाल खूण. अक्षदाने त्यातले पंचवीसेक एका बैठकीत पाठ करून मला म्हणूनही दाखवले. मग मी परीक्षेचं माहितीपत्रक पुन्हा एकदा नीट वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

"अक्षदा, ह्या परीक्षेत प्रश्नच नसतात."

"म्हणजे?"

"प्रॅक्टिकल असतं. ते एक बिघडवलेलं मशीन समोर ठेवतात. ते दुरुस्त करायचं. नंतर नवं मशीन उभं करून दाखवायचं."

अक्षदाने थोडा वेळ विचार केला. "मग ए, बी, सी, डी वर खूण कुठं करायची?"

सीडी निघाली दुसऱ्याच कुठल्यातरी परीक्षेची. मी मावसभावाचा उद्धार केला, अक्षदाने माझा, आणि सीडी कपाटात गेली. गोरखने त्याच्या क्लासमधून नोट्सच्या झेरॉक्स आणल्या होत्या, त्या इतक्या फिक्या की निम्मी अक्षरं अंदाजाने वाचावी लागत. शेवटी राहिलं ते आमचं डाव्या हातातलं पुस्तक. त्याच्यावरच भिस्त ठेवायची असं ठरलं.

भगवंतरावांनी डेअरीच्या मागच्या गोदामात तीन जुनी मशीनं वापरायला दिली. गावात लोडशेडिंग रोजचंच होतं, पण दूध नासू नये म्हणून डेअरीचा जनरेटर चालूच असायचा आणि त्याच्यावर आमचंही काम निघायचं. दर रविवारी दुपारी आम्ही तिघं तिथे जमायचो. रिकामे कॅन भिंतीला रचलेले, सगळीकडे दुधाचा आंबूस वास, आणि मध्ये एका टेबलावर आमचा अभ्यास.

काम आम्ही अगदी पडकईसारखं वाटून घेतलं. पडकईत ज्याला जे जमतं ते तो करतो. गोरखचे वडील, आमचे भिकाकाका, ताल रचतात. कुठला दगड कुठे बसेल हे त्यांचे हात बरोबर ओळखतात. तरणी पोरं पहारीने दगड उकरतात, बायका घमेल्याने माती वाहतात. तसंच इथे. गोरखला यंत्राच्या पोटातलं आवडायचं, म्हणून डिस्क आणि मशीन सुरू होण्याची सगळी भानगड त्याच्याकडे. कोणाला कुठली फाइल बघू द्यायची, कोणाला नाही, आणि नेटवर्क, हे माझ्याकडे. मेल आणि वेबसाइटचा भाग अक्षदाकडे. ज्याने त्याने आपली प्रकरणं वाचून यायची आणि बाकीच्यांना सांगायची.

आणि काय सांगू, काम असं झपाट्याने निघायला लागलं! पुस्तकाच्या शेवटी सराव होते. एखादं मशीन बिघडलं की गोरख पुढे सरकायचा, खटाखट दोनचार आज्ञा लिहायचा, मशीन सुरू. मग खुर्ची माझ्याकडे. मग अक्षदाकडे. पुस्तकात दोन तास दिलेला सराव आम्ही तासाभरात उडवायचो. "पुन्याचा मानूस पानी भरंल आपल्याकडं," गोरख म्हणायचा. भगवंतरावांनी एकदा दारातून डोकावून बघितलं आणि मालकांना कळवलं की पोरगी नक्की पास होणार.

श्रावणात गोरखला ताप आला. एका रविवारी तो आला नाही. मी आणि अक्षदाने मशीन चालू केलं आणि ते चालूच होईना. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि खाली लुकलुकणारी खूण. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो.

"कर की काहीतरी," अक्षदा म्हणाली.

"हे गोरखचं आहे," मी म्हणाले.

आणि हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा मला उमगलं, आम्ही काय करून बसलो होतो. मी जन्मात कधी ताल रचलेला नाही, तरी आमच्या खाचराला ताल आहे. तो भिकाकाकांनी रचला, पाऊस त्याला विचारत नाही कोणी रचला म्हणून. पण परीक्षेत मी एकटी बसणार होते. तिथे गोरख नव्हता, अक्षदा नव्हती. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, की पहिल्या भागात बिघडलेलं मशीन सुरू झालं नाही तर पुढचं कितीही चांगलं केलं तरी नापास. तीन महिने आम्ही मिळून एक खाचर छान उभं केलं होतं, आणि मला त्यातली फक्त माती वाहता येत होती.

मी गोदामातच रडले. अक्षदाने आधी मला रडू दिलं, मग म्हणाली, "आता सीडी काढू का परत?" तेव्हा मला इतका राग आला की रडणं थांबलं.

पुढच्या रविवारी गोरख आला, थोडा वाळलेला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "एवडंच ना? मी समजून सांगतो ती प्रकरनं तुला. पयल्यापासून."

"सांगून तीन महिने झाले. तू सांगतोस तेव्हा मला सगळं कळतं. तू गेलास की काही राहत नाही."

"मंग दुसरं पुस्तक आनू. त्ये जाड व्हतं..."

"गोरख!"

मग मी मला सुचलेलं सांगितलं. "माझ्यासाठी पुस्तक नको, नोट्स नको. तू मशीन बिघडव. मी बाहेर जाते, तुला हवं तसं मोडून ठेव. मग मी आत येऊन ते नीट करीन. आणि तू काही सांगायचं नाहीस. हात लावायचा नाहीस. परीक्षेत असतं तसंच."

"ह्ये कसलं शिकवनं?" गोरख म्हणाला. "मोडायचं आन् बघत बसायचं?"

"हो. बघत बसायचं."

गोरखने मशीन मोडलं. तेवढं त्याला छान जमलं. बघत बसणं मात्र त्याच्या बापजन्मात जमेना. मी चुकीची आज्ञा लिहायला लागले की त्याचा हात आपोआप पुढे यायचा. मी फुटपट्टी घेऊन बसले. पहिल्या रविवारी त्याच्या बोटांवर दोनदा बसली. दुसऱ्या रविवारी त्याने हात खिशात घातले, तर तोंडाने "अं... अं..." सुरू झालं. मी त्याला खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसवलं, तर तो माझ्या टायपिंगच्या आवाजावरून उसासे टाकायला लागला. अक्षदा हसून हसून लोळायची बाकी राहिली.

गणपती झाले तरी मला मशीन धड सुरू करता येत नव्हतं. एका रविवारी तर हद्द झाली. कोणती डिस्क कुठे जोडायची ते एका फाइलीत लिहिलेलं असतं. त्यातली एक ओळ गोरखने बिघडवली होती. ती मला सापडली. मी मनात म्हटलं, जमलं! ओळ नीट केली, आणि फाइल जतन होईना. पुन्हा केली, पुन्हा नाही. एक तास, दोन तास. चहा गार झाला. मला घाम फुटला, डोळ्यांसमोर अक्षरं नाचायला लागली.

गोरखची पाठ माझ्याकडे होती. तो एकदम उठला.

"मला न्हाई जमायचं ह्ये, उजे! तुला माहीत हाये मला त्ये येतं. एका ओळीचं काम हाये. आन् मी हितं हात बांधून बसू? पडकईला मानूस आसा उभा ऱ्हायला तर त्याला पुन्ना कोन बोलवंल का रानात? आमच्या बाला कळलं की उजी तिथं कुडत व्हती आन् मी भित्ताकडं तोंड करून बसलो व्हतो, तर तो मला घरात घ्यायचा न्हाई!"

"मग सांगून टाक," मीही ओरडले. "सांगून टाक, आणि परीक्षेलाही माझ्याबरोबर येऊन बस!"

तो बाहेर निघून गेला. हायवेच्या कडेला जाऊन उभा राहिला असावा. अक्षदा त्याच्या मागे गेली. मी गोदामात एकटी राहिले, सोबत ते मशीन आणि ते पुस्तक.

मी पुस्तक ओढलं आणि गोरखच्या वाट्याची प्रकरणं उघडली. ती पानं मी तोवर कधी वाचलीच नव्हती. माझ्या प्रकरणांची पानं चहाच्या डागांनी आणि खुणांनी मळलेली होती, आणि ही गोरखच्या बारीक अक्षरांतल्या टिपांनी भरलेली. मी टिपांवर हात ठेवला आणि फक्त छापलेलं वाचलं, अडखळत, एकेक ओळ. शेवटी सापडलं. मशीन अर्धवट सुरू झालं की ते डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं. लिहायचं असेल तर आधी तसं सांगावं लागतं. साधी गोष्ट. मी तसं सांगितलं, ओळ पुन्हा लिहिली, आणि फाइल जतन झाली. मशीन सुरू झालं तेव्हा गोदामात मी एकटीच "झालं!" म्हणून ओरडले. रिकामे कॅन सोडले तर ऐकायला कोणी नव्हतं.

गोरख पुढच्या रविवारी येईल की नाही याची मला खात्री नव्हती. तो आला. मी बाहेर जाईपर्यंत थांबला आणि मशीन मोडून ठेवलं. मग मी आत आल्यावर तो भिंतीशी पाठ फिरवून बसला आणि शेवटपर्यंत त्याने एक उसासाही टाकला नाही. मला ते जरा जडच गेलं. त्यानंतरचे सगळे रविवार असेच गेले, अक्षदाचा मेल आणि वेबसाइटचा भागही मी असाच एकटीने करून बघितला. तो दर वेळी नवं काहीतरी अवघड शोधून आणायचा आणि मी दर वेळी आधीपेक्षा थोडं लवकर सुटायचे. आमच्यात हसणं-खिदळणं मात्र कमी झालं होतं. मला वाटलं, तो रागावलाय. परीक्षा झाली की समजूत काढू, असं मनाशी म्हणून मी तो विषय बाजूला ठेवला.

परीक्षा दसऱ्यानंतर पुण्यात होती. मी नको म्हणत असतानाही गोरख बरोबर आला आणि इमारतीच्या बाहेर फुटपाथवर बसून राहिला. आत आम्ही दहाबारा जणं होतो, गळ्यात ओळखपत्रं घातलेले पुण्याचे नाहीतर मुंबईचे सगळे. माझ्या डाव्या बाजूला दाढीवाला एक मुलगा सारखी मान मोडत होता.

मशीन चालू केलं आणि ते सुरू झालं नाही. सवयीने, तिथे गोरख बसला असल्यासारखं, मी डावीकडे बघितलं. दाढीवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की मी चटकन मान वळवली. पण डोकं चाललं. अक्षरं वाचली, फाइल शोधली, तीच ओळ नव्हती पण तिचीच बहीण होती. सुधारली. जतन होईना. आणि मला चक्क हसू आलं. डिस्क लिहिण्यासाठी उघडली, पुन्हा जतन केली, मशीन सुरू केलं. पडद्यावर लॉगिन आलं तेव्हा मला रडावंसं वाटलं, पण अजून पाच कामं बाकी होती, म्हणून नाही रडले. दुपारचा भाग, नवं मशीन उभं करायचा, तर माझ्याच मातीतला होता.

निकाल मेलवर चारेक दिवसांनी येणार होता. ते चार दिवस मी कशी जगले ते विचारू नका. आईचा फोन आला तर मी अशी खेकसले की ती म्हणाली, "काय गं, परीक्षा हाये का भूत लागलंय?" डेअरीतल्या संगणकावर मी मेल उघडून उघडून माउस झिजवला.

मेल आला तो गुरुवारी, दुपारच्या दुधाच्या वेळेला. मी तो तीन वेळा वाचला, कारण मला पास हा शब्द दिसत होता पण खरा वाटत नव्हता. मग अक्षदाला बोलावून तिच्याकडून वाचून घेतला. ती किंचाळली. काउंटरवरचे गवळी दचकले, भगवंतराव केबिनमधून धावत आले. "झाली का मॅडम?" त्यांनी विचारलं, आणि मी मान हलवली तर त्यांनी स्वतःच कपाळावरचा घाम पुसला. माझा जीव भांड्यात पडला. नोकरी राहिली, खोली राहिली, आणि आईची स्थळं जिथल्या तिथे राहिली. मी खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठलेच नाही, इतकं हलकं वाटत होतं.

गोरखला फोन केला तर उचलला नाही. क्लास सुटल्यावर तो मोटरसायकलवर थेट पेठेला आला. मी त्याची वाट बघत गोदामाच्या दारात उभी होते. गाडी लावून तो माझ्या समोर आला. अभिनंदन नाही, काही नाही.

"मशीन सुरू झालं व्हतं का?" त्याने विचारलं.

"झालं. पास झाले, गोरख. चांगल्या मार्कांनी."

"एकटीनं?"

"एकटीनं. तिथे दुसरं कोण असणार?"

तो खाली बसला. एकदम, गोदामाच्या पायरीवर. त्याने दोन्ही हातांत तोंड घेतलं. मी त्याला लहानपणी झाडावरून पडल्यावरसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. मी घाबरले.

"काय झालं? अरे, पास झाले म्हणतेय!"

"त्येच गं," तो म्हणाला. "बरं झालं. लई बरं झालं. मी एवडे दिस झोपलो न्हाई धड. मला वाटायचं, तू नापास झाली तर ती माझ्यामुळं. मला सगळं येत व्हतं आन् मी तुला दिलं न्हाई. मी हात आखडता घेतला, आसंच वाटायचं मला. फुटपाथवर बसलो व्हतो ना त्या दिशी, तवा तीनदा आत यायला उठलो व्हतो. वॉचमननं हाकललं."

मी त्याला रागावलेला समजत होते. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. खरं होतं ते बोलले.

"तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी आज गावाला निघाले असते सामान घेऊन. तू गप्प बसलास म्हणून मी पास झाले. ते सगळ्यात अवघड काम होतं, आणि ते तुझ्या वाट्याला आलं."

त्याने नाक पुसलं. अक्षदा आतून ताकाचे ग्लास घेऊन आली आणि त्याचे डोळे बघून, ह्या वेळी तोंडाळपणा न करता, एक ग्लास त्याच्या हातात देऊन माझ्या पलीकडे बसली. हायवेवरून नाशिकच्या गाड्या जात होत्या. गोरखने ताक एका दमात संपवलं.

"आता माझी पाळी," तो म्हणाला. "उजे, तू बी आशीच बसनार का? भित्ताकडं तोंड करून?"

"अशीच बसणार. शब्द काढणार नाही तोंडातून."

"मी कुडत आसलो तरी?"

"तरी."

"मंग मेलोच मी," गोरख म्हणाला, आणि ओल्या डोळ्यांनीच हसायला लागला.